प्रतिसाद कुणाचा? गिटारचा ॲम्प्लिफायर, त्याचा कारागीर आणि गिऱ्हाइकाचं कौतुक

मागच्या वेळी आपण अभिरुचीच्या विधानांपाशी थांबलो होतो. 'मला हे आवडलं' आणि 'हे सुंदर आहे' ही दोन वाक्यं एकच नव्हेत; पहिलं वाक्य आपल्यापुरतं असतं, दुसरं मात्र समोरच्याकडे संमती मागतं, हे कांटचं म्हणणं आपण पाहिलं. आज त्याच वाटेनं पुढे जायचं आहे, पण उदाहरण कवितेचं किंवा चित्राचं घेणार नाही. इलेक्ट्रिक गिटार वाजवणारी माणसं आपल्या ॲम्प्लिफायरबद्दल आणि तो हातानं बनवणाऱ्या छोट्या कारागिराबद्दल जे कौतुक करतात, लिहितात, तो मजकूर आम्ही आज समीक्षेला घेतला आहे.

या कौतुकाचा साचा ठरलेला असतो. आधी टोनबद्दल चार ओळी: आवाज उबदार आहे, भरदार आहे, हलक्या हातानं वाजवलं तर काचेसारखा स्वच्छ, जोरात वाजवलं तर गुरगुरतो. मग एक 'शिवाय' येतो. शिवाय सर्व्हिस फार चांगली. मालकानं स्वतः फोन उचलला. दोन वर्षांनी एक खरखर सुरू झाली तर पत्राला त्याच दिवशी उत्तर आलं. बोलणं किती सभ्य! आणि मग शेवटी शिफारस.

आमचा सगळा आक्षेप आहे तो त्या 'शिवाय'वर. कौतुक खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. उलट ते बहुतेक वेळा खरंच असतं. पण लिहिणारा एकाच गोष्टीचे दोन तुकडे करतो आणि मधे 'शिवाय' ठेवतो. टोन हा जणू मालाचा गुण, आणि सर्व्हिस म्हणजे वर मिळालेली कोथिंबीर. ती तशी नाही, एवढंच आज दाखवायचं आहे.

थोडं तांत्रिक बोलावं लागेल, पण घाबरू नका. आमच्या वयाच्या लोकांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवल्यावर लगेच काही ऐकू यायचं नाही. आधी आत तांबूस उजेड दिसायचा, मग हळूहळू बाई बातम्या सांगू लागायच्या. तेच व्हॉल्व्ह आजही गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये वापरतात. घरातल्या रेडिओतून ते कधीच गेले, ट्रान्झिस्टर आला; गिटारवाल्यांनी मात्र सोडले नाहीत. आणि 'बुटीक' ॲम्प म्हणजे काय? आपल्याकडे बुटीक म्हटलं की ब्लाउजच्या डिझाइनचं दुकान डोळ्यासमोर येतं. (हशा) कल्पना फार वेगळी नाही बरं का. एक-दोन माणसांचं, फार तर आठ-दहा माणसांचं वर्कशॉप, मोजके नग, सगळं वायरिंग हातानं, आणि गिऱ्हाइकाला विचारून शिवणं.

व्हॉल्व्हच्या ॲम्पची एक लकब आहे, ती समजली की पुढचं सगळं सोपं जाईल. तार जोरात छेडली की आउटपुटचे व्हॉल्व्ह एकदम जास्त करंट ओढतात. पॉवर सप्लाय पुरेसा ताठ नसेल, म्हणजे रेक्टिफायरच्या जागीही व्हॉल्व्हच असेल, तर त्या क्षणी आतलं व्होल्टेज जरासं खाली बसतं आणि लगेच पुन्हा वर येतं. कानाला काय जाणवतं? आघात थोडा दबतो आणि त्यामागून स्वर फुलतो. वाजवणारे याला 'सॅग' म्हणतात. हलकं वाजवलं तर हे होत नाही. म्हणजे हा डबा फक्त आवाज मोठा करत नाही. हात कसा पडला हे त्याला कळतं आणि तो त्याप्रमाणे वागतो. काही दिवसांनी वाजवणाराही नकळत आपला हात बदलतो, कारण समोरून उत्तर येतं आहे.

मराठीत या गोष्टीला एक नेमका शब्द आहे: प्रतिसाद. साद घातली, प्रतिसाद आला. आणि गंमत पाहा, दुकानदारानं पत्राला उत्तर दिलं तरी आपण प्रतिसादच म्हणतो. शब्द एकच आहे म्हणून गोष्ट एकच ठरते असं नाही. शब्दांच्या कोट्यांवर तत्त्वज्ञान उभं करू नये हे आम्ही वर्गात चाळीसेक वर्षं सांगत आलो. पण इथे शब्दापाठीमागे इतिहास उभा आहे, तो बघू.

लिओ फेंडर. इलेक्ट्रिक गिटारच्या जगातलं हे मूळ पुरुषाचं नाव. या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. म्हणजे आधी सर्व्हिस आणि मग माल, हा क्रम लक्षात घ्या. स्थानिक वादक आपली यंत्रं दुरुस्तीला आणायचे, तक्रारी सांगायचे, आणि त्या तक्रारींतून त्याचे ॲम्प तयार होत गेले. पुढे डिक डेल नावाचा एक तरुण आला, अफाट जोरात वाजवणारा. त्याला दिलेले ॲम्प आणि स्पीकर तो एकामागून एक जाळत सुटला. एखादा कारखानदार म्हणाला असता, वापर चुकीचा आहे, वॉरंटी रद्द. फेंडर आणि त्याचा सहकारी फ्रेडी टवारेस त्याचं वाजवणं ऐकायला प्रत्यक्ष नृत्यगृहात गेले, असं डेल सांगत असे. त्या जळालेल्या डब्यांतून शेवटी मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि पंधरा इंची स्पीकर असलेला 'शोमन' हा ॲम्प निघाला. आता सांगा, यात टोन कुठे संपला आणि सर्व्हिस कुठे सुरू झाली?

लंडनच्या हॅनवेल भागातली गोष्ट साधारण अशीच. जिम मार्शल हा ड्रम वाजवणारा आणि शिकवणारा. त्याचं वाद्यांचं दुकान होतं. गिटारवाली पोरं दुकानात येऊन कुरकुरायची की अमेरिकन ॲम्प परवडत नाहीत आणि हवा तसा आवाज कुठे मिळत नाही. त्यानं ती कुरकुर ऐकून घेतली. केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांना हाताशी धरून, फेंडरच्याच 'बासमन' ॲम्पचं सर्किट समोर ठेवून, १९६२च्या सुमाराला जो ॲम्प तयार झाला तो 'जेटीएम ४५'. भाग इंग्लंडात मिळणारे, म्हणून आवाज वेगळा झाला. नकलेतून नवं घराणं निघालं म्हणा ना.

नक्कल करता आली याचंही श्रेय फेंडरला द्यायला हवं. त्याच्या ॲम्पच्या पेटीत आत एक कागद चिकटवलेला असायचा, कोणता व्हॉल्व्ह कुठे बसतो ते सांगणारा. सर्किटचे नकाशे उपलब्ध असायचे. दुरुस्तीच्या दुकानातून आलेला माणूस! उद्या हा डबा कुठल्यातरी दूरच्या गावात कुणी अनोळखी मेकॅनिक उघडणार आहे, हे त्याला माहीत होतं. सर्व्हिस म्हणजे फक्त फोनवरचं गोड बोलणं नव्हे. पुढच्या माणसाचा हात पोचेल अशा जागी भाग बसवणं, ही सर्व्हिस फार आधी, वायरिंग करतानाच सुरू झालेली असते.

जानेवारी १९६५मध्ये फेंडर कंपनी सीबीएसनं १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली. त्यानंतरच्या काळातल्या मालाबद्दल वादक काय बोलतात ते तुम्ही कुठल्याही गिटारवाल्याला विचारा. आम्ही त्यात पडत नाही, त्यात थोडा स्मरणरंजनाचाही भाग आहे. मात्र बुटीक कारागीर नावाची जमात जन्माला आली ती मोठ्या कंपन्यांपर्यंत वादकाची तक्रार पोचेनाशी झाली तेव्हा. जुने फेंडर दुरुस्त करता करता, बदलता बदलता, काही लोक स्वतःचे बनवू लागले.

इथे प्लेटोला बोलावू. 'रिपब्लिक'च्या दहाव्या पुस्तकात एक छोटा परिच्छेद आहे, चित्रकारांवरच्या हल्ल्याच्या गडबडीत तो वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो. प्लेटो म्हणतो की प्रत्येक वस्तूबाबत तीन कला असतात: वापरण्याची, बनवण्याची, नक्कल करण्याची. आणि खरं ज्ञान असतं ते वापरणाऱ्याकडे. बासरी वाजवणारा बासरी बनवणाऱ्याला सांगतो की कुठली चांगली वाजते. बनवणारा ते ऐकतो, त्यावर विश्वास ठेवतो आणि तशी बनवतो. कारागिराकडे ज्ञान नाही, फक्त योग्य श्रद्धा आहे. ॲरिस्टॉटललाही हे एका परीनं पटतं. घर कसं आहे हे बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला जास्त कळतं, असं तो म्हणतो.

लिओ फेंडर हे प्लेटोचं आदर्श उदाहरण. स्वतः वाजवत नाही, वाजवणाऱ्याचं ऐकतो. पण बुटीक कारागिरांकडे आलं की प्लेटोचं चित्र अपुरं पडतं. वाजवणाऱ्याला आपल्याला काय हवं आहे ते सांगता येत नाही, ही इथली खरी अडचण आहे. तो 'उबदार' म्हणतो. उबदार म्हणजे काय? कमी तीव्र स्वर वाढवू? वरचे कापू? की सॅग जास्त हवा? 'उबदार' हे मापन नाही, ते तर आपलं मागच्या वेळचं अभिरुचीचं विधान आहे. त्यातून मतलब काढायचा तर ऐकणाऱ्याला वाजवणाऱ्यापेक्षा एक पाऊल पुढे ऐकावं लागतं.

दोन माणसांची तुलना करू. एक अलेक्झांडर डंबल, कॅलिफोर्नियातला, १९४४चा जन्म, २०२२ साली गेला. दुसरा केन फिशर, न्यू जर्सीचा, १९४५ ते २००६. दोघांनीही आयुष्यभरात फार थोडे ॲम्प बनवले, डंबलचे काही शे, फिशरचे शंभराच्या आसपास. दोघेही कानानं जुळवणारे.

डंबल गिऱ्हाइकाला वाजवायला लावायचा. त्याचे हात बघायचा, आघात ऐकायचा, आणि मग त्या माणसासाठी ॲम्प जुळवायचा. रॉबेन फोर्डसारख्या वादकांचा आवाज या ॲम्पशी कायमचा जोडला गेला. इतकं बारीक लक्ष! पण पुढे काय करायचा? सर्किटवर इपॉक्सी ओतायचा. घट्ट, अपारदर्शक थर. आत काय आहे हे कुणाला दिसू नये म्हणून. ॲम्प कुणाला द्यायचा, कुणाला नाही, हेही तोच ठरवायचा. आज त्याचे ॲम्प लाख डॉलरच्या पुढे विकले जातात.

फिशर आधी ॲम्पेग कंपनीत कामाला होता, मग एकट्यानं 'ट्रेनरेक' या नावानं ॲम्प बनवू लागला. त्याच्या ॲम्पना अनुक्रमांक नाहीत, बायकांची नावं आहेत. पहिला 'जिंजर'. वायर कुठून वळवायची, किती लांब ठेवायची, इथपर्यंत तो कानानं ठरवायचा. दीर्घ आजारानं त्याला पुढे पुढे बाकावर बसणंच जमेना. मग तो काय करत राहिला? सांगत राहिला. दुरुस्तीच्या युक्त्या, व्हॉल्व्ह कसे पारखावेत, आवाज कुठे बिघडतो, हे त्यानं लिहून छापू दिलं. बाकीच्या कारागिरांना मदत केली. डॉक्टर झी हे नाव गिटारवाल्यांना ठाऊक असेल. ओहायोतल्या या कंपनीनं 'एअरब्रेक' नावाचं जे उपकरण विकलं, ते फिशरच्या डोक्यातून निघालेलं. लुइझियानातल्या कोमेट कंपनीचा 'कोमेट ६०' हाही त्याचाच आराखडा.

आता टोनच्या कौतुकात हे दोघं शेजारी शेजारी बसतात, दोघंही दैवतं. आमच्या मते ते बसू नयेत. डंबलचं ऐकणं अस्सल होतं यात शंका नाही, पण ते त्या एका भेटीपुरतं. इपॉक्सी हा त्याच्या कारागिरीचा भाग समजून लोक कौतुकानं सांगतात. आम्हाला ती त्याच्या कामातली उणीव वाटते. पुढच्या दुरुस्त करणाऱ्याला त्यानं आधीच नकार देऊन ठेवला. शिवाय (हा 'शिवाय' आम्हाला माफ करा) दुसऱ्याच्या हातासाठी जुळवलेला ॲम्प लाख डॉलर देऊन घेणारा नक्की काय विकत घेतो? दुसऱ्याच्या मापानं शिवलेला सदरा. कापड उत्तम, शिंपी थोर, पण खांदा माझा नाही.

हे कुणाला फार अमेरिकन वाटत असेल तर मिरजेला चला. तंबोरा घ्यायला जाणाऱ्याला सतारमेकर पहिली गोष्ट काय विचारतो? पट्टी कुठली? काळी एक की काळी पाच? बाईंसाठी की बुवांसाठी? मग जवारी. घोडीचा पृष्ठभाग इतका बारीक घासायचा की तार त्यावर अलगद टेकत थरथरावी, आणि तारेखाली सूत सरकवलं की स्वर उघडावा. ही जवारी कायमची नसते. वाजवून वाजवून तार घोडीत रुतते, जवारी बसते, आवाज बंद होतो. मग पुन्हा त्याच्याकडे जायचं, जवारी काढून घ्यायची. इथे कुणी असं म्हणेल का की तंबोऱ्याचा नाद छान आहे, शिवाय सर्व्हिस पण चांगली? जवारी काढणं हीच सर्व्हिस आणि जवारी हाच नाद. मिरजेत ज्याला दोन शब्द लागत नाहीत त्याला गिटारवाल्यांना दोन लागतात, कारण त्यांचा माल खोक्यातून येतो.

पण खोक्यातून आलेल्या मालाबाबतही हे घडू शकतं. आमचा एक पुतण्या ठाण्याला असतो, नोकरी करून गिटार वाजवतो. अमेरिकेतल्या एका छोट्या वर्कशॉपचा ॲम्प त्याच्याकडे आहे, इकडच्या २३० व्होल्टसाठी बनवून घेतलेला. वर्षभरात त्याचे आउटपुट व्हॉल्व्ह दोनदा बसले. आवाजही कधी कधी कडक, करकरीत येऊ लागला. त्यानं लिहिलं: टोन बिघडलाय, नवीन व्हॉल्व्हचा संच पाठवा. पैसे द्यायला तयार होता. उत्तरात संचाची किंमत आली नाही, प्रश्न आले. तू साधारण किती वाजता वाजवतोस? आवाज कडक होतो तो रोज, की ठरावीक वेळी? भिंतीतल्या प्लगला किती व्होल्ट येतात ते आठवडाभर, दिवसातून तीनदा, इलेक्ट्रिशियनकडून मोजून घे. आणि ठळक अक्षरात: ॲम्प स्वतः उघडू नकोस, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका दाब राहू शकतो.

पोरगं आधी वैतागलं. मोजल्यावर कळलं की संध्याकाळी सगळं ठीक, पण रात्री अकरानंतर, सोसायटीतले एसी थंडीमुळे बंद असताना, व्होल्टेज अडीचशेच्या वर जात होतं. तो वाजवायचा नेमका तेव्हा. भिंतीत व्होल्टेज वाढलं की व्हॉल्व्हच्या हीटरपासून प्लेटपर्यंत सगळंच त्या प्रमाणात वाढतं. व्हॉल्व्ह लवकर मरतो आणि आवाज ताठ होतो. कारागिराचा सल्ला: माझ्याकडून आत्ता काही घेऊ नकोस, तिकडेच एक चांगला स्टॅबिलायझर घे, मात्र टक-टक करणारा रिलेचा नको, सर्व्होचा घे.

या व्यवहारात त्या माणसाला एक पैसा मिळाला नाही, हे कौतुकाचं आहेच. पण समीक्षक म्हणून आम्हाला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. 'टोन बिघडलाय' हे विधान घेऊन पुतण्या गेला होता. 'रात्री अकरानंतर आघाताच्या सुरुवातीला आवाज ताठ होतो' हे विधान घेऊन परत आला. कारागिराच्या प्रश्नांनी त्याला ऐकायला शिकवलं. प्लेटोच्या बासरीवाल्याला हे कधी घडलं नसतं, कारण तिथे सांगायचं एकानं आणि ऐकायचं दुसऱ्यानं.

एक शंका राहते आणि ती प्रामाणिक आहे. कान लाच खातो का? ज्यानं माझ्याशी गोड बोलून माझी खरखर दुरुस्त केली, त्याचा ॲम्प मला जास्त गोड ऐकू येणारच. मग कौतुकातला टोनचा भाग हा केवळ कृतज्ञतेचा आवाज नाही का? थोडा असतो. आम्ही तो नाकारणार नाही. पण तपासायची एक रीत आहे. फिशर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याचे ॲम्प आज ज्यांच्याकडे आहेत त्यांतल्या कित्येकांचं त्याच्याशी एक वाक्यही बोलणं झालं नव्हतं. त्यांना फोनवरच्या सौजन्याची लाच मिळालेली नाही. तरी त्यांच्या हाताला ते डबे उत्तर देतात. म्हणजे लक्ष देणं हे माणसाच्या स्वभावातून वस्तूत उतरू शकतं, डाग लावताना, वायर वळवताना. उलट बाजूही आहे: बोलायला अत्यंत सभ्य, पत्राला तासाभरात उत्तर, आणि ॲम्प सुमार, असेही कारागीर असतातच. त्यांच्या सौजन्याला आम्ही चांगली सर्व्हिस म्हणणार नाही. ते फक्त सौजन्य आहे. सर्व्हिस चांगली तेव्हा, जेव्हा उत्तर देणाऱ्याला तुमचा आवाज खरोखर ऐकू आलेला असतो.

आणि हे सगळं महाग आहे, हेही बोलायला हवं. एका माणसाचं लक्ष किती जणांना पुरणार? म्हणून रांगा, म्हणून किमती, म्हणून फिशर आजारी पडला की काम थांबलं. कोपऱ्यावरचा रेडिओ दुरुस्तीवाला जे लक्ष चाळीस रुपयांत द्यायचा ते आता चैनीची वस्तू म्हणून विकलं जातं, आणि आपण त्याच्यावर भारावून लिहितो. भारावण्याला आमची हरकत नाही. पण त्या लिहिण्यात कारागिरानं कोणता प्रश्न विचारला, काय मोजायला सांगितलं, काय विकलं नाही, हे यावं. 'उबदार' आणि 'सभ्य' या दोन शब्दांवरून आम्हाला त्या ॲम्पबद्दल काहीच कळत नाही.

मघाशी प्लेटोच्या दहाव्या पुस्तकातली बासरी घेतली. त्याच पुस्तकात तिच्याआधी एक खाट येते: एक देवानं केलेली, एक सुतारानं, एक चित्रकारानं. पुढच्या वेळी ती खाट घेऊ. ज्यांना जमेल त्यांनी तेवढी पानं वाचून या.